बेळगाव ते पणजी चॅरिटी सायकल राइड: ग्रुपनं तयारी कशी करायची, एकेक टप्पा

दिवाळी झाली की आपल्याकडं कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडतोच, चला, अमक्या संस्थेसाठी गोव्यापर्यंत सायकल राइड काढूया. वीस-पंचवीस जण लगेच हो म्हणतात. मग जो तो आपापल्या वेळेला, आपापल्या रस्त्यानं किलोमीटर मोजत बसतो, राइडच्या दिवशी सगळे पहिल्यांदा एकत्र येतात आणि जांबोटी यायच्या आतच ग्रुपचे चार तुकडे झालेले असतात. पायात ताकद नव्हती असं बहुतेक वेळा नसतंय. एकत्र चालवायची, एकत्र थांबायची, वेळेवर खायची सवय नसते, ती नडते. आणि ती सवय एकट्यानं ट्रेनिंग करून लागत नाही.

खाली जो प्लॅन दिलाय तो बेळगाव-जांबोटी-कणकुंबी-चोर्ला घाट-साखळी-पणजी या रस्त्यासाठी आहे. जायला साधारण ११० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी तेवढंच परत. पंधरा-वीस जणांचा ग्रुप, बारा आठवड्यांची तयारी, आणि राइड जानेवारीच्या शेवटी. तुमचा रस्ता कोल्हापूरचा असला किंवा धारवाड-हुबळीचा असला तरी क्रम हाच ठेवा, गावांची नावं तेवढी बदला.

टप्पा १: आधी पैसा आणि रस्ता, सायकल नंतर

बरेच ग्रुप पहिल्यांदा टी-शर्ट छापतात. तसं करू नका. ज्या संस्थेसाठी राइड करणार तिच्याकडं आधी जाऊन बसा आणि तिच्या नावानं पैसे गोळा करायला चालतंय असं लेखी पत्र घ्या. देणगी थेट संस्थेच्या बँक खात्यात जायला पाहिजे, कुणा दादाच्या यूपीआयवर नको. दादा कितीही सज्जन असला तरी नको, कारण शेवटी हिशोब जुळवताना त्याच्या घरच्या गॅसचे पैसे आणि देणगीचे पैसे एकाच स्टेटमेंटमध्ये दिसतात आणि चांगल्या माणसाला उगीच खुलासे द्यावे लागतात.

राइडचा खर्च, म्हणजे गाडीचं डिझेल, पणजीतला मुक्काम, जेवण, हे सगळं राइडर्सच्या वर्गणीतून. देणगीतला एक रुपया त्यात जाणार नाही हे पहिल्याच दिवशी ग्रुपवर लिहून टाका. देणगीदारांना हेच जास्त ऐकायचं असतंय.

पावतीबद्दल एक गोष्ट लोक नेहमी विसरतात. देणगीवर आयकरात सवलत (८०-जी) पाहिजे असेल तर २,००० रुपयांच्या वरची देणगी रोख देऊन चालत नाही, चेक किंवा ऑनलाइनच द्यावी लागते. आणि संस्थेकडं ८०-जी ची नोंदणी आहे का हे आधी विचारा, नसेल तर पोस्टरवर तसं छापू नका.

रस्ता गाडीनं एकदा फिरून बघा, आणि नुसता बघू नका, वहीत लिहा. प्यायचं पाणी कुठं मिळतंय, पंक्चरवाला कुठं, पेट्रोल पंप कुठं, दवाखाना कुठं, आणि बायकांसाठी संडास कुठं. हे शेवटचं पुरुषांनी काढलेल्या यादीत कधीच नसतंय आणि मग बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याचा परिणाम दुपारी दिसतो, चक्कर येते, डोकं दुखतंय, आणि लोक म्हणतात स्टॅमिना कमी पडला. ग्रुपमधल्या एखाद्या ताईला पाहणीला बरोबर न्याच.

कणकुंबीच्या पुढं घाटात मोबाइलचं नेटवर्क भरवशाचं नाही. त्यामुळं कुठं थांबायचं, कुठं भेटायचं ही ठिकाणं आधीच ठरवून सगळ्यांना पाठ पाहिजेत, "फोन करतो की" हा प्लॅन तिथं चालत नाही.

तपासा: संस्थेचं पत्र हातात आहे का? ज्या ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतून जाणार तिथं द्यायची पत्रं तयार आहेत का? खानापूरच्या बाजूचं पत्र कन्नडमध्ये करून घ्या, काम लवकर होतंय.

टप्पा २: माणसं पारखून घ्या, तीस किलोमीटरची चाचणी

पहिल्याच रविवारी सगळ्यांना एकत्र बोलवा. वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची करत शिनोळीपर्यंत जाऊन परत, साधारण तीस किलोमीटर होतात. रेस लावायची नाही. प्रत्येकाचा आरामात बोलत-बोलत किती स्पीड पडतोय ते लिहून घ्यायचं.

त्यावरून ग्रुपचे दोन किंवा तीन गट करा, एका गटात सहा ते आठ जण. वीस जणांची एकच लांब रांग ही मोठी चूक आहे, कारण मागच्या बसला ओव्हरटेक करायला जागाच सापडत नाही, ड्रायव्हर चिडतो आणि मग रांगेत घुसतो. दोन गटांमध्ये दोनशे-तीनशे मीटर अंतर असू दे.

प्रत्येक गटात दोन माणसं नक्की पाहिजेत. एक पुढचा, जो स्पीड ठेवतो, आणि एक शेवटचा, जो कुणालाच आपल्या मागं सोडत नाही. पुढच्यासाठी गटातला सगळ्यात फास्ट माणूस निवडू नका. ज्याचा स्पीड चढावर पण आणि उतारावर पण फार हलत नाही, जो दर पाच मिनिटाला मागं वळून बघतो, तो पुढं पाहिजे. शेवटचा मात्र तगडा पाहिजे, कारण त्याला थांबावं लागतंय, कुणाचं पंक्चर काढावं लागतंय आणि परत गटाला गाठावं लागतंय. बहुतेक ग्रुपमध्ये हे नेमकं उलटं असतंय, तगडी पोरं पुढं पळतात आणि नवखा बिचारा शेवटी एकटाच.

चाळिशीच्या पुढचे, बीपी-शुगरवाले, घरात हार्टचा त्रास असलेले, या सगळ्यांनी ट्रेनिंग सुरू करायच्या आधी डॉक्टरांना दाखवून यायचं. "मला काय होत नाही" हे उत्तर मान्य करू नका. काकांना वाईट वाटलं तरी चालतंय. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांब राइडच्या दिवशी डोस आणि खाणं कसं जुळवायचं हे डॉक्टरांनाच विचारायचं, ग्रुपमधल्या अनुभवी माणसाला नाही.

सावध: चालवताना छातीत दाबल्यासारखं झालं, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखलं, दम लागला आणि थांबल्यावरही बसत नाही, तर त्याच क्षणी थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. पित्त असेल म्हणून सोडा पिऊन पुढं जायचं नाही.

टप्पा ३: सायकल दुरुस्ती आता, शेवटच्या आठवड्यात नाही

नवीन सायकल घ्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही. गिअरची कुठलीही चांगल्या कंडिशनमधली सायकल चालते. खरं जाड काट्याचे एमटीबी (डोंगरी सायकलचे) टायर असतील तर ते बदलून गुळगुळीत टायर टाका, डांबरी रस्त्यावर काटे नुसती ताकद खातात. चोर्ला चढायचाय म्हणून सगळ्यात हलका गिअर नीट पडतोय का हे बघाच. मागच्या मोठ्या चकतीवर चेन चढत नसेल, किंवा चढून पलीकडं स्पोकमध्ये पडत असेल, तर मेकॅनिककडून गिअर सेट करून घ्या. भर चढावर चेन स्पोकमध्ये अडकली तर सायकल पण जाते आणि माणूस पण पडतो.

आता सीटची उंची. आपल्याकडं दहातल्या सात जणांची सीट खाली असते, असं मी डोळ्यानं बघून सांगतो, कारण लहानपणापासून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत अशी सवय. त्या सीटवर तीस किलोमीटर निघतात, शंभर निघत नाहीत, गुडघा बोलायला लागतो. असं करा. सायकल भिंतीला टेकवा, सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल एकदम खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकायला नको. मग चालवताना पायाचा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो, तेवढाच पाहिजे.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय तर बहुतेक सीट खाली आहे. मागच्या बाजूला, लवणीत दुखतंय तर बहुतेक वर आहे. एका वेळी पाच मिलीमीटरच हलवा आणि दोन राइड करून बघा. उंची जमली की सीटच्या दांड्यावर चिकटपट्टी लावून खूण करा, नाहीतर सायकल टेम्पोत घालताना कुणीतरी सीट खाली करतंय आणि तीन महिन्यांची मेहनत वाया जाते.

बाकी झटपट: ब्रेकचे पॅड झिजलेत का, केबल अडकतेय का, चाक फिरवल्यावर रिम एकीकडं लागतंय का, चेन पुसून तेल लावलंय का. चेनला इंजिन ऑइल किंवा खोबरेल तेल नको, धूळ धरतंय, चेनचं तेल मिळतंय ते आणा, थेंब-थेंब लावा आणि जास्तीचं फडक्यानं पुसून घ्या. टायरमध्ये हवा किती ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतंय, त्या आकड्याच्या कमाल मर्यादेच्या वर जाऊ नका.

पंक्चर काढणं प्रत्येकाला आलंच पाहिजे. यासाठी एक संध्याकाळ ठेवा, कुणाच्या तरी अंगणात सगळे बसा आणि प्रत्येकानं स्वतःच्या हातानं मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, चाक परत बसवून दाखवायचं. मागचं चाकच, पुढचं सगळ्यांना येतंय. नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा. काटा किंवा तारेचा तुकडा तिथंच रुतलेला असतो, तो न काढता नवी ट्यूब घातली की पाचशे मीटरवर परत फुस्स. आणि दुसरी ट्यूब नसते मग.

तपासा: प्रत्येकाकडं दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, हेल्मेट, पुढं पांढरा आणि मागं लाल लाइट, बाटलीचे दोन स्टँड. यातलं काही नसेल तर लांब राइडला घ्यायचं नाही, मित्र असला तरी.

टप्पा ४: बारा आठवड्यांचं वेळापत्रक

आठवड्यात तीन दिवस सायकल. दोन दिवस सकाळी एक-सव्वा तास, ऑफिस-दुकानाच्या आधी, आणि रविवारी लांब. रविवारची राइड सगळ्यांनी मिळूनच करायची, हा नियम मोडला की हा सगळा लेख वाया गेला असं समजा.

रविवारचं अंतर असं वाढवा.

पहिला ते चौथा आठवडा: ३०, ३५, ४०, आणि चौथ्याला परत ३०.
पाचवा ते आठवा: ५०, ६०, ७०, आणि आठव्याला ४५.
नववा: ९० च्या आसपास, कणकुंबीपर्यंत जाऊन परत.
दहावा: शनिवारी ७०, रविवारी ५०, लागोपाठ.
अकरावा: ५०. बारावा: मधल्या दिवशी २०-२५ सावकाश, आणि मग राइड.

चौथ्या आणि आठव्या आठवड्यात अंतर कमी केलंय ते चुकून नाही. शरीर विश्रांतीतच तयार होतंय. उत्साही पोरं नेमक्या त्याच आठवड्यात ऐंशी मारून येतात आणि पुढच्या रविवारी गुडघा धरून घरी बसतात.

दहाव्या आठवड्यातली लागोपाठची राइड सगळ्यात महत्त्वाची. आपली राइड दोन दिवसांची आहे आणि चढाव दुसऱ्या दिवशी आहे. आदल्या दिवशीचं दुखरं अंग घेऊन सकाळी सीटवर बसायचं कसं वाटतंय हे आधी एकदा कळलेलं असलं पाहिजे. ज्याला ही राइड जमली नाही त्यानं एक दिवसच करावी आणि दुसऱ्या दिवशी सपोर्ट गाडीत मदतीला बसावं, त्यात काही कमीपणा नाही, गाडीत माणूस लागतोच.

मधल्या दिवसांपैकी एक दिवस चढाचा ठेवा. येळ्ळूरचा राजहंसगड यासाठी एकदम योग्य, चढ लांब नाही खरं चांगला उभा आहे. पहिल्या महिन्यात एकदाच चढा, नंतर खाली येऊन परत असं दोन-तीन वेळा. बसून, हलक्या गिअरवर, पाय गोल फिरवत. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा पाय फिरला पाहिजे सपाटीवर, चढावर थोडा कमी. जड गिअर दाबत, डोलत-डोलत चढणं हे दिसायला जोरदार दिसतंय, खरं गुडघे त्यातच जातात.

स्पीड बरोबर आहे का हे कळायला घड्याळ-बिड्याळ लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तुटत असेल तर तुम्ही लांब राइडसाठी फार जोरात आहात.

सावध: नोव्हेंबर ते मार्च ऊस तोडणीचा सीझन. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर उसात गाडलेला. उसाच्या रस्त्यावर अंधारात निघू नका. ट्रॉलीच्या डावीकडून घुसायचं नाही, मागची ट्रॉली वळताना आत येते. ट्रॉलीला धरून चढ चढायची सवय ज्यांना गावाकडं लागलीय त्यांनी ती घरीच ठेवावी. रस्त्यावर पडलेल्या उसावरून चाक तिरकं गेलं की घसरतंयच, सरळ काटकोनात जा किंवा बाजूनं जा.

टप्पा ५: ग्रुपमध्ये चालवायची शिस्त

हा टप्पा लोक वाचून सोडून देतात. याचा सराव करा, पहिल्या रविवारपासून.

एकामागं एक, एकाच रांगेत. पुढच्याच्या चाकात आणि आपल्या चाकात निदान एक सायकल मावेल एवढं अंतर, साध्या उताराला त्याच्या चार-पाच पट. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच नेऊ नका. पुढचा किंचित जरी वाकडा झाला तरी चाकाला चाक लागतंय, आणि पडतो तो मागचा, पुढच्याला पत्ता पण नसतो.

एकदम ब्रेक दाबायचा नाही, आधी ओरडायचं. सीटवरून उठताना पण आधी पाय चालू ठेवून हळू उठा, कारण उठताना सायकल क्षणभर मागं येते.

खड्डा, दगड, गाडी, थांबा, एवढे चारच शब्द ठरवा. ग्रुपमध्ये कन्नड बोलणारे मित्र असतातच आपल्याकडं, तर खड्डा म्हणायचं का गुंडी म्हणायचं हे आधी ठरवा आणि सगळ्यांनी तेच म्हणायचं. पुढच्यानं ओरडलेलं प्रत्येकानं मागं पोचवायचं, नाहीतर पाचव्या माणसाला खड्डा दिसतच नाही. हातानं खूण करायला जमत असेल तर करा, खराब रस्त्यावर हात सोडण्यापेक्षा ओरडलेलं बरं.

आता थांबण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात. नेहमीचं चित्र बघा. फास्ट पोरं जांबोटीच्या स्टँडवर पोचली, चहा झाला, फोटो झाले, दहा मिनिटं बसली. तेवढ्यात मागून एक ताई आणि एक काका येतात, घामानं भिजलेले. ते सायकल टेकवतात न टेकवतात तोवर पोरं उठतात, "चला, निघूया की". म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती शून्य मिळाली. असं तीन स्टॉपला झालं की तो माणूस संपला, आणि दोष मात्र त्याच्या स्टॅमिनाला.

म्हणून एकच नियम: शेवटचा माणूस सायकलवरून उतरला की घड्याळ सुरू. तिथून दहा मिनिटं. पहिले लोक वीस मिनिटं बसले तरी हरकत नाही, अंग गार पडतंय असं वाटत असेल तर त्यांनी हळू यावं. हा नियम लावला की फास्ट पोरांचा स्पीड दुसऱ्या रविवारी आपोआप कमी होतो, सांगावं पण लागत नाही.

कुत्री मागं लागली तर लाथ मारायला जाऊ नका, तोल जातो. स्पीड कमी करा, जोरात दरडावा, गरज पडली तर उतरून सायकल मध्ये धरा.

तपासा: सहाव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक गट पूर्ण राइडभर एकसंध राहतोय का? नसेल तर अंतर वाढवू नका, गट परत पाडा.

टप्पा ६: खाणं आणि पाणी, हे पण ट्रेनिंगच

निघायच्या दीड तास आधी हलकं खा, पोहे, उप्पीट, दोन-तीन इडल्या. मिसळ, वडा, पुरी-भाजी नको, परत येताना खावा हवं तेवढं. आणि उपाशीपोटी तर नकोच, चरबी जळते म्हणून उपाशी येणारे पन्नासाव्या किलोमीटरला रस्त्याकडेला बसलेले असतात.

भूक लागायच्या आधी खायचं. पहिल्या पाऊण तासानंतर सुरू करा आणि मग दर अर्ध्या तासाला थोडं-थोडं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतंय, म्हणजे एक केळं आणि एक राजगिऱ्याचा लाडू किंवा दोन-तीन खजूर, एवढं तासाला. शेंगदाण्याची चिक्की चांगली, खरं नुसती चिक्की नको, तेलकट जड पडते आणि तहान वाढवते. एनर्जी जेलची पाकिटं आणणार असाल तर ट्रेनिंगमध्ये खाऊन बघा, राइडच्या दिवशी पहिल्यांदा नको.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट-घोट. एका बाटलीत साधं पाणी, दुसऱ्या बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतंय. लोक अख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात आणि मग पोट बिघडतंय. पाकिटावर किती पाण्यासाठी ते वाचा. घरी करायचं असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त नको.

फक्त साधं पाणी भरपूर पिणं हे पण धोक्याचं आहे, मीठ घामातून जातंय आणि रक्तातलं सोडियम पातळ होतंय. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं असं दिसलं तर आणखी पाणी पाजत बसू नका, दवाखाना गाठा.

सावध: अंग दुखू नये म्हणून सकाळीच पेनकिलर घेऊन निघणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. उन्हात, घामात, पाणी कमी असताना या गोळ्या किडनीला त्रास देतात. घ्यायच्या नाहीत.

कपड्यांबद्दल एवढंच, पॅडवाली शॉर्ट आतून काही न घालता घालायची असते, आणि ती नवी कोरी राइडच्या दिवशी घालायची नाही.

टप्पा ७: शेवटचे दहा दिवस आणि पहिल्या दिवसाचं टाइमटेबल

आता फिटनेस वाढत नाही, फक्त थकवा वाढू शकतो. कमी चालवा, झोप काढा. आदल्या रात्री उत्साहानं झोप लागत नाही बऱ्याच जणांना, म्हणून त्याच्या आधीच्या दोन रात्री नीट झोपा.

सपोर्ट गाडीत ड्रायव्हर सोडून आणखी एक माणूस पाहिजे, ज्याच्याकडं सगळ्यांची यादी, घरचे नंबर, ब्लड ग्रुप, औषधं असतील. गाडी शेवटच्या गटाच्या मागं, पुढं जाऊन चहाच्या टपरीवर नाही. पोलिसांसाठी ११२ आणि अॅम्ब्युलन्ससाठी १०८ कर्नाटकात पण लागतंय आणि गोव्यात पण, हे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू देत.

साडेसहाला, उजेड फुटताना निघा. जांबोटी पावणेनऊ, कणकुंबी साडेदहा, साखळी एक, जेवण आणि विश्रांती, पणजी साडेचार. जांबोटीच्या पुढं जंगलाचा पट्टा आहे, गव्यांचा वावर असतो, गवा दिसला तर थांबायचं, फोटोसाठी जवळ जायचं नाही, तो जाईल तेव्हा निघायचं.

साखळीला तीनच्या पुढं कुणी पोचत असेल तर त्याची सायकल गाडीवर. ही वेळ आधीच जाहीर करा. ऐन वेळी माणसाला "तू बस गाडीत" म्हटलं की वाईट वाटतंय, आधी ठरलेलं असलं की वाटत नाही.

टप्पा ८: चोर्ला, आधी उतरताना मग चढताना

उताराआधी सगळ्यांनी थांबायचं. ब्रेक दाबून बघा, हेल्मेटचा पट्टा बघा, घाम आलाय म्हणून वाऱ्यात थंडी वाजते, पातळ जॅकेट घाला. मग एकेकानं सुटायचं, मध्ये निदान तीस मीटर अंतर.

ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक मिळून. सतत धरून ठेवला की रिम तापते, पॅड मऊ पडतात आणि ब्रेक लागेनासा होतो, म्हणून दाबा-सोडा, दाबा-सोडा. बोटं दुखायला लागली की बाजूला थांबा. नजर चाकाच्या पुढं नाही, वळण जिथं संपतंय तिथं. आपली बाजू सोडायची नाही, आंधळ्या वळणावर समोरून येणारी बस आपल्या अर्ध्यात आलेलीच आहे असं धरून चाला. पॅच मारलेल्या जागी बारीक खडी असते, तिच्यावर ना ब्रेक ना वळण.

सावध: उतारावर एकमेकांना ओव्हरटेक नाही आणि मोबाइलवर व्हिडिओ नाही. हे न पाळणाऱ्याला पुढच्या राइडला घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी पणजीहून पहाटेच, लाइट लावून निघा, म्हणजे साखळीपर्यंतचा सपाट रस्ता उन्हाआधी संपतोय. गोव्यातला दमटपणा बेळगावच्या हवेची सवय असलेल्या माणसाला जड जातो, घाम येतो खरं वाळत नाही, म्हणून पाणी आणि मीठ पहिल्या दिवसापेक्षा जास्त. घाटाच्या पायथ्याला पोट भरून नाही, अर्धं खा.

चढावर गट मोडायचा. इथं एकत्र चालवायचा आग्रह चुकीचा आहे, प्रत्येकाचा चढायचा स्पीड वेगळा असतो आणि दुसऱ्याच्या स्पीडनं चढणं दोघांना पण त्रासाचं. पाहणीच्या वेळी ठरवलेली तीन-चार ठिकाणं असतात तिथं थांबायचं, सगळे आले की मोजणी करायची, मग पुढं. गटाचा नेमलेला शेवटचा माणूस मात्र सगळ्यात मागं पडलेल्याबरोबरच. सुरुवातीपासून सगळ्यात हलका गिअर टाका, गरज नाही असं वाटलं तरी. उतरून चालत चढलं तरी चालतंय, पाच मिनिटं चाललं की पाठ सुटते.

कणकुंबीला पोचलं की लोकांना वाटतंय झालं. अजून पन्नासच्या आसपास किलोमीटर असतात आणि पडापडी बहुतेक याच भागात होते, कारण अंग थकलेलं आणि लक्ष घराकडं. इथं अर्धा तास सक्तीनं थांबा, जेवा, सावलीत पाय लांब करून बसा. निघताना गट परत पहिल्यासारखे बांधा, शिट्टी मारून मोजा.

टप्पा ९: राइड झाल्यावर

सायकल थेट घरात नको. साध्या पाण्यानं धुवा, चेन पुसून तेल लावा, घाम पडलेला असतो तिथं गंज धरतोय. दोन दिवस पूर्ण विश्रांती, तिसऱ्या दिवशी वीस मिनिटं सावकाश चालवा.

पंधरा दिवसांच्या आत हिशोब ग्रुपवर आणि देणगीदारांना. किती जमले, संस्थेच्या खात्यात किती गेले, त्याचं संस्थेनं दिलेलं पत्र, आणि राइडचा खर्च वेगळा. पावत्या ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांची यादी संस्थेला द्या आणि त्या पोचेपर्यंत पाठपुरावा करा, देणगीदार स्वतःहून मागत नाहीत, गप्प बसतात आणि पुढच्या वर्षी देत नाहीत.

आणि वहीत लिहून ठेवा, कुठल्या स्टॉपला पाणी कमी पडलं, कोण कुठल्या गटात बसलं नाही, किती ट्यूब लागल्या, रस्ता कुठं खराब होता. वही संस्थेकडं किंवा ग्रुपमधल्या एका जबाबदार माणसाकडं ठेवा, पुढच्या दिवाळीनंतर जे कोण राइड काढतील त्यांना ती द्या.